गेलेल्यांचा प्याला

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार

बाबा,

आई गेली. बुधवारी सकाळी. काल आम्ही तिला माती दिली.

हे वाक्य मी आधी कच्च्या कागदावर निरनिराळ्या तऱ्हांनी लिहून पाहिले. 'आई वारली' लिहिले तर ते पंचायतीच्या कागदासारखे दिसले. 'आई गेली' लिहिले तर वाटले, तुम्ही विचाराल, कुठे गेली? कारण आपल्या गावात तुमच्याबद्दलही हाच शब्द वापरतात. अर्चिल गेला. भूकंपाच्या वर्षी गेला. शेवटी हाच ठेवला, दुसरा सापडला नाही.

तिला फार त्रास झाला नाही. छातीत जड वाटते म्हणाली, चुलीपाशी बसली. मी अंब्रोलाउरीला डॉक्टर आणायला गेलो. परत आलो तेव्हा पेलागिया आत्याने तिचे डोळे मिटवले होते. चुलीवरचा घेवडा करपला होता. तो वास अजून घरात आहे.

पत्र लाकूड गिरणीच्या पत्त्यावर टाकत आहे. तुमच्या शेवटच्या कार्डावर तोच होता. ते कार्ड आले तेव्हा मला नुकते मिसरूड फुटत होते, म्हणजे गिरणी तरी तिथे आहे की नाही, देव जाणे. असली तर कोणीतरी पुढे धाडील.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. काल मातीनंतरच्या जेवणाला सेवेरियान काका तमादा होते, प्रत्येक प्याला त्यांच्याच तोंडून सुरू झाला. मेजाच्या टोकाला दुसरे कोण बसणार? पण त्यांनी तुमचे नाव कुठल्याच प्याल्यात घेतले नाही. लोकांनी ते पाहिले. मग सगळे उठून गेल्यावर ते मागे थांबले, टोपी गुडघ्यावर फिरवत बसले. तुम्हाला माहीत आहे, त्यांचे एक वाक्य संपेपर्यंत बैल पाणी पिऊन येतो.

"नोदार, पोरा, एक विचारू? रागावशील."

"विचारा ना, काका."

"चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तुझ्या बापाला कुठे घालू?"

मला कळले नाही. मी म्हणालो, "ते आले तर ह्या खुर्चीवर बसतील."

"आला तर मी माझ्या मांडीवर बसवीन. न आला तर विचारतोय. गेलेल्यांच्या प्याल्यात घातला तर 'देव क्षमा करो' म्हणून भाकरीवर वाईन ओतावी लागणार. दूरच्यांच्या प्याल्यात घातला तर 'आयुष्य वाढो' म्हणायचं आणि पिऊन टाकायचं. मधला प्याला आपल्यात नाही. असता तर मीच पहिला प्यालो असतो."

"आई त्यांना कशात घालायची?"

"मकवाला काही बोलायची नाही. मी प्याला उचलला की नुसती माझ्याकडे बघायची. मग मी मुकाट्यानं दूरच्यांत घालायचो. आता माझ्याकडे कोण बघणार?"

मी सांगितले, दूरच्यांतच घाला. तर म्हणाले, "मग गावाचं नाव सांग. नातोच्या नावानं उचलतो तेव्हा अथेन्स म्हणतो. खाली रस्त्याकडेच्या पोराच्या नावानं उचलतो तेव्हा कुताइसी म्हणतो. 'कुठंतरी' म्हणून उचललेला प्याला पोचणार कुणाला?"

मी म्हणालो, "कोस्त्रोमा."

"ते तू शाळेत होतास तेव्हाचं, बाळा."

बाबा, चाळिसावा सोळा नोव्हेंबरला येतो. मला मोठे पत्र नको. गावाचे नाव आणि खाली तुमची सही, एवढे पुरे. पत्र पोचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे, म्हणून आजच लिहिले. उद्या सकाळी पहिल्या बसने देतो.

तुमचा मुलगा,
नोदार

१ नोव्हेंबर

बाबा,

पहिले पत्र पोचले नसेल असे धरून हे लिहीत आहे. मुख्य गोष्ट पुन्हा सांगतो: आई गेली, आणि सोळा तारखेला चाळिसावा आहे.

द्राक्षे उतरवली. तुमच्या वेळी दहा माणसे असायची. या वर्षी मी, पेलागिया आत्या आणि सेवेरियान काका. वरच्या तुकड्यातली मुजुरेतुली काढायला काकांना चढवले नाही, मी एकट्याने काढली. खालची अलेक्सांद्रौली दोघांनी मिळून काढली, पण ते एका वेलीपाशी इतका वेळ थांबत की आत्या ओरडली, "काका, तिला मागणी घालताय का?" ते म्हणाले, "म्हातारी आहे, घाईनं नाही म्हणेल." सगळे हसले. सगळे म्हणजे आम्ही तिघे.

आत्या तुम्हाला नेहमी 'मेला' म्हणते. "मेला एक कार्ड टाकत नाही." "त्या मेल्याच्या हातची छाटणी होती म्हणून वेली अजून धरतात." ती हे प्रेमाने म्हणते की रागाने ते मला कळत नाही, पण तिने तसे म्हटले की मी दर वेळी दचकतो. परवा म्हणालो, "आत्या, दुसरा कुठला तरी शब्द वापर." तर म्हणाली, "मग काय म्हणू? माझा राजा? राजा असता तर बहिणीच्या दारात आला असता."

आता कामाचे. द्राक्षे डोणीत तुडवली, रस जमिनीत पुरलेल्या रांजणात भरला. आईने रांजण ऑगस्टमध्येच घासून ठेवला होता, चेरीच्या सालीने, आत उतरून. मी तेव्हा तिला म्हणालो होतो की मी उतरतो. ती म्हणाली, तुझे खांदे तोंडातून जात नाहीत, बापावर गेलास.

रस चांगला उकळतो आहे. पण थंडी नाही, बाबा. नोव्हेंबर लागला तरी दुपारी लोक नुसत्या सदऱ्यावर फिरतात. रिओनीच्या पलीकडच्या डोंगरावर बर्फाची रेघसुद्धा नाही. थंडी आली नाही तर वाईन थांबणार कशी? सगळी साखर खाऊन टाकील आणि कडक होऊन बसेल, आणि कडक झालेली आपली गोड ख्वांचकारा म्हणजे काय, कुणीही कुठेही करते तसली वाईन. एका वर्षी तुम्ही माझे डोके धरून रांजणाच्या तोंडाशी नेले होते आणि म्हणाला होतात, ऐक, अजून बोलतेय. मी रोज कान लावतो. मला ऐकू येते, पण ती उकळते आहे की माझ्याच कानात रक्त वाजते आहे, ते समजत नाही.

मी झाकणाच्या कडेची माती जरा उकरून फट ठेवली होती, गार वारा आत जावा म्हणून. काकांनी पाहिले.

"हे काय केलंस?"

"थांबवतोय."

"वाईन आपली आपण थांबते. तिला कोणी थांबवत नाही. माती लाव परत."

मी लावली. पण तुम्ही असता तर काय केले असते, तेवढे लिहा. गावाच्या नावाखाली एक ओळ.

घरात सगळे ठीक आहे. भूकंपानंतर मदतीच्या लोकांनी दिलेले पत्रे छपरावर अजून तेच आहेत. मी स्वयंपाक करतो. एका माणसासाठी घेवडा किती भिजवायचा याचा अंदाज अजून येत नाही, रोज उरतो.

नोदार

१४ नोव्हेंबर

बाबा,

थंडी आली! मंगळवारी सकाळी उठलो तर अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा. दोन दिवसांत रांजण गप्प झाला. मी काकांना आणले, त्यांनी गुडघे टेकले, कान लावला आणि इतका वेळ तसेच राहिले की मला वाटले, डोळा लागला. मग म्हणाले, "थांबली. आणि बरोबर जागी थांबली." वाळलेल्या भोपळ्याच्या डावाने काढून आम्ही चाखली. अजून गढूळ आहे, पण गोड आहे. आत गोड आणि कडेला किंचित तुरट, जशी हवी तशी. मला आईला हाक मारावीशी वाटली. मी हाक मारलीही. काका दुसरीकडे बघत राहिले.

तुमचे पत्र आले नाही. टपालवाली त्सित्सिनो मला लांबूनच हात हलवून 'नाही' सांगते, म्हणजे मला फाटकापर्यंत चालावे लागू नये. ती चांगल्या मनाने करते.

जेवणाची तयारी झाली आहे. मधातले गहू आत्या शिजवणार. मांस-भात खालच्या घरातल्या बायका करतील. मामाकडून बिचिकोदादा येणार आहे, आपला ट्रक घेऊन. बातुमीकडची संत्री भरून तो पुढच्या महिन्यात डोंगरापलीकडे, रशियात जातो.

काकांशी ठरले आहे. ते म्हणाले, "बरं, कोस्त्रोमा तर कोस्त्रोमा. चुकीच्या गावी गेला तरी प्याला फिरून फिरून पोचेल. आपली टपालाची गाडी पोचते तसा." म्हणजे तुम्ही दूरच्यांत आहात, बाबा. काळजी करू नका.

नोदार

१८ नोव्हेंबर

बाबा,

हे पत्र टपालाने जात नाही. बिचिकोदादा स्वतः नेणार आहे. तो मॉस्कोच्या बाजारात माल उतरवतो, पण म्हणाला की लहान शहरांत नवीन वर्षाच्या आधी संत्र्यांना भाव जास्त मिळतो, तर या खेपेला कोस्त्रोमापर्यंत जाऊन बघेन. मला माहीत आहे, तो भावासाठी जात नाही. तुमच्यासाठी वाईनची एक बाटली देणार होतो. तो म्हणाला, "वेडा आहेस का? केबिनमध्ये ऊब लागली की ती पुन्हा जागी होईल आणि बूच माझ्या डोळ्यात मारील. शिवाय तिकडच्या दुकानांत ख्वांचकारा भरलीय. आपल्या सगळ्या उतारांवर मिळून पिकत नाही तेवढी एकेका गल्लीत. पाण्यात बीट उकळतात की काय कोण जाणे."

आता जे झाले ते सांगतो. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे.

जेवण चांगले झाले. लोक पुष्कळ आले, वरच्या गावातूनही आले. आमची नवी वाईन सगळ्यांनी नावाजली. काकांनी पहिला प्याला देवाच्या नावाने घेतला, दुसरा आईच्या एकटीच्या. आईबद्दल फार चांगले बोलले. भूकंपानंतर सगळ्या गावाने तंबूत रडत रात्री काढल्या आणि मकवालाने दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून मातीचे तवे काढून भाकरी भाजली, असे म्हणाले. मग घरातल्या सगळ्या गेलेल्यांचा प्याला आला. ते उभे राहिले, आम्ही सगळे उभे राहिलो.

तुम्हाला आठवते, आपल्याकडे जोडप्यांची नावे जोडीनेच घेतात. एका लयीत घ्यावी लागतात, नाहीतर मध्येच एखादे सुटते. काका म्हणत गेले, "इराकली आणि त्याची ओलिम्पियादा, देव दोघांना क्षमा करो. वाखो आणि त्याची बाबुत्सा, देव दोघांना क्षमा करो. लुआर्साब आणि त्याची फेफेलो, देव दोघांना क्षमा करो." प्रत्येक जोडीला सगळ्यांचे हात वाकत होते, भाकरीवर थेंब पडत होते. आणि त्याच लयीत, त्याच आवाजात ते म्हणाले,

"मकवाला आणि तिचा अर्चिल, देव दोघांना क्षमा करो."

आणि सगळ्यांनी ओतली.

आधी कोणाच्या लक्षात आले नाही. मग खालच्या टोकाला कुणीतरी खोकले. काका तोंड उघडे ठेवून तसेच उभे. आत्या ताडकन उठली. "सेवेरियान! माझ्या भावाला मारलास!"

काका म्हणाले, "जीभ घसरली. पेलागिया, जीभ..."

"तुझी जीभ! मेली झडली असती तर बरं! जिवंत माणूस! माझा अर्चिल जिवंत आहे!"

सगळा उन्हाळा, सगळा द्राक्षांचा हंगाम जी तुम्हाला मेला मेला म्हणत होती, तिने दुसऱ्या कुणी म्हटल्यावर अख्खे मेज हादरवले. मग लोक समजावू लागले. एक जण म्हणाला, चुकून ज्याच्या नावाने ओतली जाते तो शंभर वर्षे जगतो. दुसरा म्हणाला, माझ्या चुलत्याच्या नावाने अशीच ओतली होती, तो चार महिन्यांत गेला. त्याच्या बायकोने त्याला चिमटा काढला. मी मेजावरून बघितले. प्रत्येकाच्या पुढची भाकरी लाल झाली होती.

मी ओतली की नाही, ते मला नीट आठवत नाही. माझ्या पुढच्या भाकरीची कड ओली होती, पण आत्याचे ताट अगदी शेजारी होते.

मी म्हणालो, "काका, दूरच्यांचा प्याला येईल तेव्हा बरोबर घ्या, म्हणजे झाले." त्यांनी मान हलवली. "एका मेजावर एका माणसाला दोन प्याल्यांत घेता येत नाही, पोरा. एकदा ओतली ती ओतली." आणि दूरच्यांच्या प्याल्याला त्यांनी अथेन्स म्हटले, कुताइसी म्हटले, आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकाबाहेर उभे होते. टोपी हातात. मी म्हणालो, आत या. "आज नको. आज मी तुझ्या घरचा खुनी आहे." मी म्हणालो, "काका, भूकंप आला तेव्हासुद्धा तुम्ही 'थांब, बूट घालतो' म्हणाला होतात. आणि नेमकी याच वेळी घाई झाली?" ते हसले नाहीत. मी हसवायला बोललो होतो.

म्हणून आता पत्र नको. बिचिकोदादा तुमच्यासमोर उभा राहील. त्याच्याकडे फक्त एवढे सांगा, की मी आहे. नवीन वर्षाच्या मेजावर मी तुम्हाला परत उचलीन. नवे मेज असेल, नवा प्याला. तिथे चालते, मी विचारून घेतले आहे.

नोदार

२१ डिसेंबर

बाबा,

हे कुणाबरोबर पाठवायचे, माहीत नाही. रस्ता बंद आहे. बर्फ खिडकीच्या खालच्या चौकटीला लागले आहे.

आत्या मुलीकडे कुताइसीला गेली, सणापर्यंत येईल. मलाही चल म्हणत होती. "इथं रांजणाशी बोलत बसणार का?" मी म्हटले, वाईनकडे बघायला कुणीतरी हवे. तिला बघायला काय आहे, गप्प पडली आहे. पण मी म्हटले.

काल दिवसभर माझा आवाज कुणी ऐकला नाही. संध्याकाळी शेळीला हाक मारली तर घसा बसलेला निघाला. मग मी मोठ्याने वाचायला लागलो, आठवीचे भूगोलाचे पुस्तक, घरात तेवढेच एक उरले आहे. त्यात कोस्त्रोमा आहे. व्होल्गाच्या काठी, जवसाचे कापड आणि लाकूड. तुम्ही कापड करता की लाकूड?

आईची चादर अजून धुतली नाही. हे कुणाला सांगू नका.

नो.

१५ जानेवारी १९९८

बाबा,

बिचिकोदादा काल आला. काल जुन्या पंचांगाचे नवीन वर्ष. आमच्या घरात या वर्षी पहिले पाऊल कुणी टाकायला तयार नव्हते, दुःखाच्या घरात टाकत नाहीत. दुपारी सेवेरियान काका आणि आत्या आले तेव्हा दोघेही उंबऱ्याबाहेर थांबले, तू आधी, तू आधी करत. तेवढ्यात मागून दादा आला, बर्फाने गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि दोघांच्या मधून सरळ आत घुसला. "काय लग्न लागतंय का इथं?" म्हणाला. म्हणजे या वर्षीचे पहिले पाऊल त्याचे.

बसल्यावर त्याने सांगितले, "अर्चिलकाका सापडला नाही. पुष्कळ विचारलं."

आत्याने डोळ्यांना रुमाल लावला. काकांनी मान खाली घातली. मी त्याच्या पुढ्यात भाकरी ठेवली, हॅम ठेवले, वाईन ओतली. तो खाईना. मी म्हणालो, "दादा, खा ना. एवढा लांब गेलास, माझ्यासाठी गेलास." तेव्हा त्याने ताट सरकवले.

"नाही जमत. वाटभर घोकत आलो, आणि ह्याच्या एका भाकरीनं सगळं गेलं. सापडला. कोस्त्रोमाच्या बाजारात मी शोधलाही नाही, तोच आला. संत्री घ्यायला."

मग त्याने सगळे सांगितले. तुम्ही कोणता कोट घातला होता तेसुद्धा. तुम्ही भाव विचारलात, रशियनमध्ये, त्याने आपल्या भाषेत सांगितला, आणि तुम्ही वर बघितलेत. तुमच्या खांद्यावर एक मुलगी होती, चारेक वर्षांची, लोकरीच्या टोपीतली. तिने आधीच एक संत्रे उचलून दातात धरले होते, सालीसकट. तुम्ही माझे पत्र उभ्या उभ्या वाचलेत. पहिले पान वाचून झाल्यावर मुलीला खाली उतरवलेत. मग दुसरे वाचलेत. मकवाला म्हणालात, एवढेच, दोनदा.

दादा म्हणाला, मी त्याला विचारलं, पोराला काय सांगू?

"सांग, सापडलो नाही."

"काका, असं कसं सांगू? तो वाट बघतोय."

"म्हणूनच सांग. सेवेरियान चुकला नाही. ओतलीय ना एकदा? राहू दे तशीच. पोरगा मोकळा होईल."

आणि मग, निघता निघता, तुम्ही विचारलेत, "वाईन थांबली का?" दादा म्हणाला, थांबली, गोड थांबली. तुम्ही मान हलवलीत. पत्र परत दिले नाहीत. घडी करून आतल्या खिशात घातलेत. संत्र्यांचे पैसे दादाने घेतले नाहीत.

 त्याचे सांगून झाल्यावर आत्या म्हणाली, "मेल..." आणि तिथेच थांबली. तोंडावर हात ठेवला.

काका म्हणाले, "म्हणजे जिवंत आहे आणि गेलेल्यांत बसवा म्हणतो. माझ्या जन्मात असं कुणी मागितलं नव्हतं. लोक उलटं मागतात." मग माझ्याकडे बघितले, पहिल्यांदाच, आई त्यांच्याकडे बघायची तसे. "ह्या मेजावर मी बसत नाही, नोदार. टोकाला तू बस. तुझा बाप, तुझं मेज. तू सांगशील त्यात आम्ही पिऊ."

मी कधी तमादा झालो नव्हतो. मी टोकाला बसलो. माझे हात इतके गार पडले होते की प्याला गरम वाटत होता. देवाचा प्याला घेतला. मग गेलेल्यांचा. आईचे नाव एकटीचे घेतले. जोडी लावली नाही, लय तुटली तरी तुटू दिली. 'मकवाला, देव तिला क्षमा करो.' भाकरीवर ओतली. तिघेही माझ्याकडे बघत होते. मी प्याला पुन्हा भरला.

बाबा, तुम्ही सांगितलेले मला ऐकता येणार नाही. तुमचा निरोप कळला नाही असे नाही. मी मोकळा व्हावे म्हणून तुम्ही म्हणालात, असे दादा म्हणतो. पण गेलेल्यांच्या प्याल्यात खोटे नाव घातले तर बाकीच्या नावांचे काय? आईच्या नावाशेजारी मी खोटे ठेवू शकत नाही. तुम्ही आहात. संत्री विकत घेता. आता आमच्याकडे गावाचे नावही आहे, आणि ते नुसत्या जुन्या कार्डावरून घेतलेले नाही. काकांनाही हरकत घ्यायला जागा उरली नाही.

मी उभा राहिलो. तिघे उभे राहिले. मी म्हणालो, "दूर असलेल्यांचा. कोस्त्रोमातल्या अर्चिलचं आयुष्य वाढो." आणि आम्ही प्यालो. सगळी. ओतली नाही. आत्या मोठ्याने रडली. काका इतक्या हळू प्यायले की दादा म्हणाला, "काका, तो तिकडे म्हातारा होईल." मग सगळेच हसले, मीसुद्धा.

मी येणार नाही, घाबरू नका. बिचिकोदादाने तुमच्या घराचा पत्ता विचारला नाही आणि मीही मागितला नाही. हे पत्र तो वसंतात नेईल आणि त्याच बाजारात उभा राहील. तुम्ही त्या बाजूने आलात तर आलात. तिकडे माझ्याबद्दल कुणाला काही सांगितले नसेल, तर सांगू नका. मी इकडे कुणाजवळ कुरकूर करणार नाही. रांजण आहे, वेली आहेत, मार्चमध्ये छाटणी आहे. छाटणी मला येते.

एक गोष्ट राहिली. तुमच्यानंतर मी आणखी एक प्याला भरला, मुलीच्या नावाने. दूरच्यांच्या प्याल्यात तीही येते, हिशेबाने ती माझी बहीण आहे. तो हातात घेऊन उभा राहिलो आणि मग लक्षात आले की मला नाव माहीत नाही. दादाला विचारले. त्याने ऐकलेच नव्हते; तुम्ही तिला नुसते 'चिमणे' म्हणत होतात. 'कोस्त्रोमातली चिमणी' म्हणून उचलता येत नाही. काका म्हणाले, "नाव नसेल तर प्याला खाली ठेवावा लागतो, बाळा." मी ठेवला.

म्हणून एवढे कळवा. दुसरे काही लिहू नका, आमची चौकशी नको, तुमची हकीकत नको. फक्त तिचे नाव. रशियन असेल तर आपल्या लिपीत काढून, अक्षरे सुटी सुटी, मोठी लिहा. पहिल्यांदा घेताना माझ्याकडून चुकता कामा नये.

नोदार